बाल्कनीवाल्या अक्काचं सोंग

नमस्कार मंडळी. सिनेमा, सिरियल, वेब सिरीज यांच्याबद्दल ऑनलाइन लिहायचं असेल तर स्वतःच्या नावानं लिहावं का एखादं सोंग घ्यावं, आजचा विषय एवढाच, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, सोंग घ्या की ओ, पण नीट घ्या.

आता कोणीतरी म्हणणारच, नाव लपवतोय म्हणजे भित्रा आहे बे हा. तसं नाही. आपलं सोलापूर असं आहे की रात्री हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक बघायचं आणि सकाळी टपरीवर चहाला त्यातलाच नट शेजारी उभा, मग दुसऱ्या अंकात लोक पेंगत होते हे कुठल्या तोंडानं लिहिणार? 'छान प्रयत्न' असं लिहून मोकळं होतो आपण. आणि नाव बदलणं आपल्याला काय नवीन आहे का, आपले कवी संजीव, मराठी सिनेमांसाठी गाणी लिहिणारे, त्यांचं खरं नाव कृष्ण गंगाधर दीक्षित. चिं. त्र्यं. खानोलकर कविता लिहिताना आरती प्रभु व्हायचे. जयवंत दळवी 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन भल्याभल्या लेखकांची फिरकी घ्यायचे, पण ठणठणपाळ म्हणजे नुसतं नाव नव्हतं हो, त्याची बोलायची तऱ्हाच निराळी होती. सिनेमावाल्यांच्यात बघा, 1971 साली 'स्टारडस्ट' मासिक निघालं, त्यात गॉसिपचा कॉलम लिहिणारी नीता म्हणजे एक पात्रच होतं, आणि लोक ती खरीच आहे असं समजून वाचायचे.

म्हणजे पात्र तयार करावं लागतं. नुसतं 'फिल्मी किडा' असं हँडल घ्यायचं आणि आत तेच 'सिनेमॅटोग्राफी अप्रतिम, सेकंड हाफ थोडा स्लो' लिहायचं, त्याला सोंग कशाला पाहिजे?

मी 'बाल्कनीवाली अक्का' म्हणून लिहितो. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातली, विड्या वळणारी, तरुणपणी भागवत टॉकीजला हट्टानं बाल्कनीचंच तिकीट काढणारी. तिला उभं करायच्या आधी मी विड्या वळणाऱ्या बायकांजवळ बसून त्या सिरियल कशी बघतात ते बघितलं, आणि खरं सांगू का, त्या सिरियल बघतच नाहीत, ऐकतात! डोळे आणि हात सुपातल्या पानावर, कान टीव्हीकडे. मग मला कळलं की सिरियलमधली सासू 'अगं बाई, तू हातात पिशवी घेऊन कुठं निघालीस' असं समोर दिसत असलेलं परत तोंडानं का सांगते, आणि प्रत्येक धक्क्याला तो धाड् धाड् आवाज तीन वेळा का वाजतो. शिकलेली माणसं यालाच हसतात. अक्काला ते सोयीचं वाटतं. उलट ज्या वेब सिरीजला सगळीकडून चार स्टार, तिच्यात सगळे अंधारात कुजबुजतात, अक्का म्हणते यांना विडी कारखान्यात विड्यांच्या मोजणीला पाठवा, आवाज आपोआप सुटेल. हे माझ्या नावानं मला कधी सुचलंच नसतं, मी पण चार स्टार देऊन झोपलो असतो.

एक मात्र सांभाळावं लागतं, अक्कावर हसायचं नाही, अक्कानं हसायचं. बाप्या माणूस बाईचं सोंग घेतो तेव्हा हे लई पटकन घसरतं.

आणि काही गोष्टी सोंगात चालत नाहीत. खऱ्या नटीच्या नावानं, तिचा फोटो लावून अकाऊंट काढलं आणि कोणाला फसवलं तर ते सोंग नाही, गुन्हा आहे, आयटी कायद्याच्या 66डी कलमात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. टोपणनावानं बदनामी केली तरी ती बदनामीच, कोर्टानं विचारलं की खरं नाव बाहेर येतं. पैसे किंवा फुकट पास घेऊन कौतुक करायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, जाहिरातींची अ‍ॅस्की नावाची संस्था आहे, तिनं 2021 पासून इन्फ्लुएन्सर लोकांसाठी हाच नियम घातलाय. नाव खोटं चालेल, तिकीट खरं पाहिजे, म्हणजे न बघता लिहायचं नाही, ट्रेलर बघून तर अजिबात नाही.

लोक विचारतात, अक्का म्हणजे तूच का? मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. कारण आता ती अर्धीच माझी राहिलीय. आपल्या टॉकीजला तेलुगू पिक्चरला कसली गर्दी असते तुम्हाला माहितीये, आणि माझं तेलुगू 'बागुन्नारा', म्हणजे 'बरे आहात का', याच्या पुढं जात नाही, म्हणून त्या पिक्चरचं लिखाण गल्लीतली एक पोरगी करते, तिची अक्का माझ्यापेक्षा जास्त तिखट आहे, हिरोनं एका बुक्कीत वीस माणसं उडवली की खूश, पण हिरोईनला नुसतं नाचायला ठेवलं की दिग्दर्शकाची खैर नाही. कन्नडचं खातं मात्र अजून रिकामं आहे. अक्कलकोट, मंद्रूपकडचं कोणी ऐकत असेल, घरात कन्नड बोलणारं, आणि पिक्चर पैसे देऊन बघायची तयारी असेल, तर अक्काला सांगा. मानधन काही नाही, बाल्कनीचं तिकीट आपापलं काढायचं. नमस्कार.