दगड उघडे ठेवायचे की झाकायचे?

(निवेदन)

या जुन्या दगडी घरात आज जिथे पाहुण्यांसाठी पलंग टाकलाय, तिथे एके काळी मेंढ्या बांधलेल्या असायच्या. शेजारी वाइनची पिंपं. माणसं राहायची वरच्या मजल्यावर, आणि वर जायचं ते बाहेरच्या दगडी जिन्याने. जिन्याच्या माथ्यावर छपराखाली छोटीशी ओसरी आहे. शेतावरून आल्यावर चिखलाचे जोडे इथेच निघायचे.

हा नैऋत्य फ्रान्समधला लोत जिल्हा. चुनखडीचं पठार, त्यावर खुरटे ओक, आणि खाली वळणं घेत जाणारी लोत नदी. नदीकाठी कड्यावर वसलेलं सँ-सिर्क-लापोपी हे इथलं नावाजलेलं गाव. कवी आंद्रे ब्रतों यांनी १९५१मध्ये तिथे घर घेतलं, पुढे उन्हाळे तिथेच काढले. तिथे आता पर्यटकांची रीघ असते. आपण मात्र थांबलोय त्याच पठारावरच्या एका लहानशा गावात, ज्याचं नाव पोस्टकार्डांवर छापलं जात नाही.

(दृश्य : स्वयंपाकघर, चूल)

चूल केवढी, तर आत दोन्ही बाजूंना बसायला बाकं आहेत. एका बाकाच्या पोटात मिठाची पेटी. विस्तवाशेजारी मिठाला पाणी सुटत नाही, आणि मीठ महाग. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांची जागा मिठावरच. खिडकीखाली अखंड दगडाची मोरी आहे, तिचं पाणी भिंतीतल्या पन्हळीतून थेट बाहेर. नवीन बेसिन दोन पावलांवर बसवलंय, पण मोरीला कोणी हात लावलेला नाही. हे बरं केलं.

अशी घरं ओस का पडली? १८५१च्या जनगणनेत या जिल्ह्यात जवळपास ३ लाख माणसं होती. शंभर वर्षांनी त्यातली निम्मीच उरली. मधल्या काळात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने, म्हणजे आपल्या माव्याच्याच जातभाईने, काओर या इथल्या मुख्य शहराभोवतीचे द्राक्षमळे मुळापासून खाल्ले. तरुण शहरांकडे गेले. पहिल्या महायुद्धाने उरलेल्यांतले कितीतरी नेले. गावच्या स्मारकावरची नावं वाचत गेलं की एकेक आडनाव दोनदा, तीनदा येतं.

१९५१मध्ये एक वेगळीच कल्पना पुढे आली. एमिल ओबेर हे आल्प्सकडचे सिनेटर. गावातली पडीक घरं दुरुस्त करून शहरातल्या कुटुंबांना सुट्टीपुरती भाड्याने द्यायची, असं त्यांनी मांडलं. मालकाला चार पैसे, शहरी माणसाला परवडणारी सुट्टी, आणि घर उभं. अशा घराला तिथे ‘झीत’ म्हणतात. पहिलं झीत त्याच वर्षी तोराम-ओत या डोंगरी गावात सुरू झालं, आणि १९५५मध्ये ‘झीत द फ्रान्स’ ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या दर्जाच्या खुणा तारे नाहीत, गव्हाच्या ओंब्या आहेत. एकापासून पाचपर्यंत.

(दृश्य : भिंतीचा जवळून घेतलेला भाग)

आता भिंतीकडे या. हाताने चाचपून बघा. जाडी दीड हाताहून जास्त. दोन्ही अंगांना दगड, मध्ये माती, चुना आणि चिपा. या भिंतीला पाया असा फारसा नाही. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्यातून हवेत निघून जाते. साठ-सत्तरच्या दशकांत लोकांनी हौसेने सिमेंट थापलं. ओल आत कोंडली, वर वर चढत गेली, भिंतींना लोणा लागला, तुळयांची टोकं कुजली. आपल्याकडच्या चुन्यातल्या वाड्यांवर सिमेंटचा गिलावा करून पस्तावलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

म्हणून दुरुस्तीतलं पहिलं काम असतं छिन्नी घेऊन सिमेंट काढण्याचं. मग चुना आणि जवळपासची वाळू. भिंतीचा तो मधाळ पिवळा रंग डब्यातला नाही, वाळूचाच आहे.

आणि इथेच खरी गंमत आहे. पाहुण्यांना हवे असतात उघडे दगड. ‘किती जुनं!’ म्हणत त्यांच्यासमोर फोटो काढले जातात. पण ज्या शेतकऱ्याने हे घर बांधलं, त्याने ओबडधोबड दगडांवर चुन्याचा गिलावा दिला होता. उघडे राहायचे ते फक्त कोपऱ्याचे आणि चौकटींचे घडीव दगड. सोललेली भिंत ही गोठ्याची, नाहीतर पैसे संपलेल्या माणसाची. आज जे जुनं म्हणून मिरवतं, ते बरंचसं आपल्याच आवडीचं आहे.

खिडक्यांचंही तेच. त्या लहान आहेत, कारण थंडी, आणि करही. १७९८पासून १९२६पर्यंत फ्रान्समध्ये दारं-खिडक्या मोजून कर लावला जाई. लोकांनी खिडक्या बुजवल्या, आता मालक त्याच उघडतात. जवळपास संरक्षित वास्तू असेल तर तेही मनाला येईल तसं नाही. पाचशे मीटरच्या आत बाहेरून काही बदलायचं, तर सरकारी वास्तुविशारदाची संमती लागते.

इथे राहायचं म्हणजे थोडं जमवून घ्यावं लागतं. मोबाइलला रेंज ओसरीतच येते. गावात बेकरी नाही, पावाची गाडी भोंगा वाजवत येते. भाजी हवी तर बुधवारी किंवा शनिवारी काओरचा बाजार. चर्चची घंटा तासाचे टोले दोनदा देते, कारण पहिल्यांदा मोजायचे राहिले तर पंचाईत नको. झोपमोड होते म्हणून तक्रार करून उपयोग नाही. कोंबड्याच्या आरवण्यावरून फ्रान्समध्ये खटले झाले, आणि २०२१मध्ये कायदाच झाला, की गावाचे आवाज आणि वास हासुद्धा गावाचा वारसा आहे.

(दृश्य : घराची पश्चिमेकडची भिंत, शिडी)

पश्चिमेची भिंत सध्या वादात आहे. पाऊस त्याच अंगाने झोडपतो आणि दगडांच्या सांध्यांतला चुना धुपून जातो. गवंडी म्हणतो, पूर्वीसारखा गिलावा द्या, शंभर वर्षं बघायला नको. मालकीणबाई म्हणतात, बुकिंग होतं ते याच भिंतीच्या फोटोवर. गिलावा दिला तर फोटो बदलावा लागेल, आणि दिला नाही तर दर काही वर्षांनी सांधे भरत बसायचं. ऑक्टोबर संपायच्या आत काय ते ठरवायला हवं. एकदा पाणी गोठवणारी थंडी पडायला लागली, की चुन्याचं काम थेट वसंतावर जातं.