वजीर देल्ला का?

(दृश्य: मारुतीचा पार. खडूनं आखलेला बुद्धिबळाचा पट, भोवती दहा-बारा माणसं.)

यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. पारावर खेळणारे दोन आणि बोलणारे दहा, हे इथलं रोजचंच. आजचा डाव मात्र गावातला नाही. १८५८ सालचा आहे, पॅरिसमधला.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी, वय २१. ऑपेरा चालू असताना ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर दोघं मिळून त्याच्याविरुद्ध बसले, आणि सतराव्या चालीला आटोपले. दहावीतल्या एका मुलीनं यूट्यूबवरून चाली वहीत उतरवल्यात. ती वाचते, आबा सोंगट्या सरकवतात.

आठव्या चालीवर आबांचा हात थांबतो. काळ्याचं प्यादं वजिराला फुकटात मिळतंय, आणि मॉर्फी काढतो घोडा!

“प्यादं भेटत होतं ना? मंग काहून नाही घेतलं त्यानं?”

घेतलं असतं, तर काळ्यानं शह देऊन वजिरावर वजीर घातला असता, दोन्ही वजीर पटाबाहेर. मॉर्फी तरीही बहुधा जिंकलाच असता, पण रखडत. आबांना हे पटत नाही. त्यांच्या मते हा निव्वळ माज.

मग घोडा जातो, हत्ती जातो, सोळाव्या चालीला वजीरही. उरलेल्या एका हत्तीनं आणि उंटानं मात! पारावर गलका.

“राजा अडीच घरं उडाला असता की!” मागून एकजण.

गावच्या पद्धतीत किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, नाही. पण शह लागण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. लगेच वही तपासली जाते. अकराव्या चालीलाच उंटाचा शह बसलाय. म्हणजे उडी गेली. त्यावर मुलगी म्हणते, आपल्या पद्धतीत प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, मग डाव इथवर आलाच कसा? खरं सांगायचं तर हा वाद मॉर्फीच्या डावाइतकाच देखणा आहे.

(दृश्य: मोबाइलभोवती पोरं.)

पोट्ट्यांचा जीव मात्र नागपूरच्या दिव्या देशमुखवर. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत समोर कोनेरू हम्पी. ती २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत. जलद डावांतला पहिलाही तसाच. दुसरा दिव्यानं काळ्या सोंगट्यांनी जिंकला. स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता. विजेतीला किताब थेट मिळतो, म्हणून आली ती देशाची ८८वी ग्रँडमास्टर होऊन.

आबा सगळं ऐकून घेतात.

“वजीर देल्ला का तिनं?”

“नाही आबा. हम्पीच्या घड्याळात वेळच उरला नव्हता. घाईत चुकली ती.”

“अस्सं? मांड मंग. हम्पीकडून मी खेयतो. घड्याय-बिड्याय लावाचं नाही पण.”