मुजऱ्याचा मानकरी: रोबेर पिरेस

११ मे २००२. लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनल या फुटबॉल क्लबचे खेळाडू इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकल्याचा आनंद साजरा करत आहेत. चषक रोबेर पिरेसच्या हाती येतो आणि त्याचे सहकारी कमरेत वाकून त्याला चक्क मुजरे करू लागतात. पिरेस त्या दिवशी खेळलेला नाही. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो सात आठवडे मैदानाबाहेर आहे.

त्या मुजऱ्यांमागे मार्च महिन्यातला एक आठवडा आहे. १७ मार्चला ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याने बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलला आणि पुढे आलेल्या गोलरक्षक पीटर श्मायकेलच्याही डोक्यावरून तो जाळ्यात टाकला. सहाच दिवसांनी एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत न्यूकॅसलविरुद्ध सुरुवातीलाच गोल केल्यानंतर, पायात आलेला प्रतिस्पर्धी चुकवण्यासाठी मारलेली उडी चुकली आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली. विश्वचषकाला मात्र फ्रान्सला त्याच्याविना जावे लागले आणि गतविजेता संघ एकही गोल न करता साखळीतच बाद झाला.

पिरेसचा जन्म १९७३ साली रँस शहरात झाला. वडील पोर्तुगीज, आई स्पॅनिश. मेत्झ क्लबमध्ये तो घडला, १९९८च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघात होता, पुढे मार्सेयकडून खेळला. पण जगाने त्याला खऱ्या अर्थाने पाहिले ते २ जुलै २००० रोजी, रॉटरडॅममध्ये. युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या पिरेसने जादा वेळेत डाव्या बगलेने मुसंडी मारून दिलेल्या पासवर दाविद त्रेझेगेने गोल्डन गोल केला, म्हणजे जादा वेळेतला पहिला, विजयी गोल, आणि सामना तिथेच संपला.

त्याच उन्हाळ्यात तो आर्सेनलमध्ये आला. पावले बाहेरच्या बाजूला फाकवून धावण्याची त्याची ढब पाहणाऱ्याला थोडी गमतीचीच वाटे. चेंडू पायाशी आला की मात्र तीच ढब डौलदार दिसू लागे. २००३च्या एफए कप अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्याचा होता. पुढच्या मोसमात आर्सेनलने लीगमधील ३८ पैकी एकही सामना गमावला नाही, आणि त्यात पिरेसचे १४ गोल होते. निरोप मात्र कडवट ठरला. २००६ साली पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक येन्स लेमनला अठराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले, बदली गोलरक्षकासाठी कोणाला तरी बाहेर काढणे भाग होते, आणि प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी पिरेसला बोलावले. आर्सेनलसाठीचा तो त्याचा शेवटचा सामना.

स्पेनमधील व्हियारेआल आणि नंतर ॲस्टन व्हिला असा प्रवास करून, जवळपास तीन वर्षांच्या खंडानंतर, २०१४ साली तो इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमात गोव्यात दाखल झाला. प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको, मैदान मडगावजवळचे फातोर्डा. वयाची चाळिशी ओलांडलेल्या पिरेसच्या धावण्यात पूर्वीचा वेग उरला नव्हता, आणि इतकी वर्षे शांत म्हणून ओळखला गेलेला हा माणूस कोलकात्याविरुद्धच्या सामन्यातील वादात निलंबितही झाला. तरी गोव्याचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. गोव्याला त्याचे आडनाव नवखे नव्हतेच. पोर्तुगीज वारसा सांगणारी पिरेस नावाची घरे तिथे आधीपासूनच आहेत.