झाडालाही ऊन लागतं

नमस्कार मंडळी! आज बोलूया शहरातल्या उकाड्याबद्दल आणि झाडांबद्दल. झाडं लावा म्हणजे शहर थंड होईल हे आपण शाळेपासून ऐकत आलोय आणि ते खरंच आहे, पण हा उकाडा त्या झाडांचं काय करतो हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मला आज तेच सांगायचंय.

शहर आजूबाजूच्या मोकळ्या भागापेक्षा गरम असतं हे जुनंच आहे. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या हवामान अभ्यासकाने दोनशे वर्षांपूर्वी रोजच्या नोंदी ठेवून दाखवलं होतं की शहरातली रात्र बाहेरच्यापेक्षा साधारण २ डिग्रीने गरम असते, आणि तेव्हा ना गाड्या होत्या ना एसी! आता तर डांबर, काँक्रीट, भिंती दिवसभर ऊन पिऊन घेतात आणि अंधार पडला की तीच उष्णता रात्रभर बाहेर सोडत बसतात.

झाड यात दोन कामं करतं. एक म्हणजे सावली, ती सगळ्यांना दिसते. दुसरं काम दिसत नाही, झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, ते वाफ करून सोडतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.७ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट) ऊर्जा लागते, ती आजूबाजूच्या उष्णतेतूनच जाते. पाणी नीट मिळत असलेल्या मोठ्या झाडाने दिवसाला १०० लिटर पाणी उडवलं तर हिशोब करा, ७० युनिट उष्णता झाली, एक टनाचा एसी वीसेक तास चालवल्यासारखं. शिवाय एसी खोलीतली उष्णता रस्त्यावर फेकतो, झाड तसं करत नाही.

पण हे सगळं पाण्यावर चालतं बरं का. हवा फार गरम आणि कोरडी झाली, जमिनीत ओल राहिली नाही, की झाड पाणी वाचवायला ती रंध्रं मिटून घेतं. मिटली की गारवा बंद, आणि कार्बन डायऑक्साइड आत येणंही बंद, म्हणजे अन्न तयार होणं थांबतं. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या झाडाची पानं जरा हातात घेऊन बघा, कडा करपलेल्या असतात, आणि खाली बघाल तर बुंध्याला अगदी चिकटून सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक. पाऊस पडला तरी ते पाणी गटारात जाणार, मुळांना काय मिळणार? म्हणजे जिथे गारव्याची सगळ्यात जास्त गरज तिथेच झाड सगळ्यात अशक्त, मग तो भाग अजून तापतो, मग झाड अजून सुकतं. हे चक्र मला फार अस्वस्थ करतं.

त्यात किडी. अमेरिकेतल्या रॅले शहरात मेपलच्या झाडांवर अभ्यास झाला, जिथे शहर जास्त गरम तिथे खोडाचा रस शोषणारे खवले किडे जास्त आणि झाडांची तब्येत खराब. तिकडच्याच ८५ मोठ्या शहरांत असंही दिसलं की शहरातल्या झाडांना पालवी आसपासच्या भागापेक्षा सरासरी ६ दिवस आधी फुटते. ऐकायला छान वाटतं, पण पानं लवकर आली की जमिनीतलं पाणीही लवकर खर्च व्हायला लागतं.

अजून एक, झाडाचा गारवा मुख्यतः दिवसाचा. रात्री रंध्रं बहुतेक मिटलेली असतात आणि अरुंद गल्लीवर फांद्यांचं दाट छत झालं की खालची उष्णता वर निसटत नाही. म्हणून कुठलं झाड कुठे लावायचं हे बघायलाच हवं.

मेलबर्नने हे दुष्काळात अनुभवलं, झाडं वाळायला लागली, आणि २०१२ मध्ये शहराने ठरवलं की २०४० पर्यंत झाडांची सावली २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर न्यायची, पण त्यासोबत पावसाचं पाणी साठवून मुळांपर्यंत पोचवायचं कामही हातात घेतलं. मला हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण रोपं लावायचे कार्यक्रम तर ढीगभर होतात.

तुमच्या दारापुढे झाड असेल तर बुंध्याभोवतीचं सिमेंट आधी काढायला लावा. माती उघडी करा, त्यावर वाळलेला पाला पसरा, तो जाळू नका. नवीन रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा काही दिवसांनी पण खोलवर मुरेल असं. आणि मोठ्या झाडाला पाणी घालताना बुंध्यावर ओतू नका, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथल्या मातीत घाला, पाणी ओढणारी बारीक मुळं बरीचशी तिकडेच असतात.