९० दिवस आधी

पत्रिकेत आजचा विषय ‘किनारी व्यवस्थापनातील शासकीय भागीदारी’ असा छापलाय. एवढं वाचूनही इतकी माणसं आलीत, याचं मला नवल वाटतं. तर तो शब्द जरा बाजूला ठेवू आणि वाळूपासून सुरुवात करू.

लाट किनाऱ्यावर बहुतेकदा तिरकी येते. येताना वाळूचे कण तिरके वर ढकलते. परतीचं पाणी मात्र उताराने सरळ खाली उतरतं. पुन्हा लाट, पुन्हा तिरका धक्का. अशी नागमोडी करत वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने चालत राहते. आता या वाटेत एखाद्या नगरपालिकेने समुद्रात दगडी बांध घातला, की वाळू त्याच्या एका बाजूला साठते. तिथली पुळण रुंद होते, नगराध्यक्ष खूश. पलीकडच्या बाजूला येणारी वाळू थांबते, जाणारी चालूच राहते आणि किनारा खरवडला जातो. मग शेजारची नगरपालिका काय करते? तीही बांध घालते. धूप थांबत नाही, पुढच्या गावी मुक्कामाला जाते.

आणि ही वाळू येते कुठून? पुष्कळ ठिकाणी नदीतून. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली. पाडली ती मुख्यतः सामन माशांसाठी. पण भिंतीमागे दशकानुदशकं अडकलेला गाळ सुटला आणि काही मैल खाली, नदीच्या मुखाशी, झिजत चाललेला किनारा पुन्हा भरू लागला. म्हणजे किनाऱ्याचा आजार धरणाच्या खात्यात होता! किनारा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा त्या खात्याशी पत्रव्यवहार तरी असतो का? धरणवाले वेगळे, बंदरवाले वेगळे, मासेमारीवाले वेगळे. हद्दी सगळ्यांना आहेत, वाळूला नाही.

म्हणून सरकारांनी एकत्र बसायचं. इथपर्यंत कोणाचाच वाद नसतो. सामंजस्य करार होतो, शाली दिल्या जातात, फोटो निघतो. माझी कसोटी फोटोच्या नंतरची आहे: धाकट्या सरकारला थोरल्या सरकारची फाईल थांबवता येते का?

अमेरिकेचा १९७२ चा किनारी क्षेत्र व्यवस्थापन कायदा मला म्हणूनच शिकण्यासारखा वाटतो. त्यात राज्यांवर सक्ती नाही. ज्या राज्याला हवं त्याने आपल्या किनाऱ्याचा कार्यक्रम आखायचा, तो नोआ या संघराज्याच्या संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा. बदल्यात दोन गोष्टी मिळतात. पहिली, पैसा, त्यात राज्यालाही आपला वाटा घालावा लागतो. दुसरी गोष्ट पैशाहून मोठी आहे. कार्यक्रम मंजूर झाला की किनाऱ्यावर परिणाम करणारं संघराज्याचं स्वतःचं कामही राज्याच्या धोरणांशी, शक्य तितकं, सुसंगत असावं लागतं. थोरल्याने धाकट्याचे नियम पाळायचे!

एक फाईल डोळ्यांसमोर आणू. बंदराच्या वाटेत गाळ साठलाय आणि तो उपसायचा आहे. उपसणार संघराज्याचं लष्करी अभियंता दल. निघालेली वाळू कुठे टाकायची? त्यांचा कल स्वस्त जागेकडे. ती जागा खोल पाण्यात असली, तर तिथे पडलेली वाळू किनाऱ्याला मुकली म्हणायची. राज्याला तीच वाळू धुपलेल्या पुळणीवर हवी असते. तर अंतिम मंजुरीच्या किमान ९० दिवस आधी दलाने राज्याला लेखी कळवायचं, की हे काम तुमच्या धोरणात असं असं बसतं. राज्याला उत्तराला ६० दिवस. हरकत घेतली की बोलणी सुरू. ६० दिवस उलटले, मुदतवाढही मागितली नाही आणि उत्तरही नाही, तर संमती गृहीत धरतात. मौनं संमतिलक्षणम्, ते असं सरकारी नियमात बसलंय. ही शेवटची अट मला आवडते. अधिकार दिलाय, पण झोपून राहण्याचा नाही. हा नकाराधिकार मात्र नव्हे. खासगी कंपनीला द्यायच्या संघराज्याच्या परवान्यावर राज्याने हरकत घेतली, तर वाणिज्यमंत्र्यांकडे अपील होतं आणि तिथे राज्य हरूही शकतं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात तेलाचे पट्टे भाडेपट्ट्याने देण्यावरून राज्य आणि केंद्र भांडले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याच्या विरोधात निकाल दिला: नुसता भाडेपट्टा देण्याने किनाऱ्यावर ‘थेट’ परिणाम होत नाही, तेव्हा राज्याला विचारायची गरज नाही. सहा वर्षांनी, १९९० मध्ये, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा दुरुस्त करून तो ‘थेट’ शब्दच काढून टाकला. एका शब्दासाठी सहा वर्षं.

किनारा असलेल्या ३५ राज्यं-प्रदेशांपैकी आज ३४ या योजनेत आहेत. बाहेर आहे ते अलास्का, म्हणजे सगळ्यांत लांब किनाऱ्याचं राज्य. तिथल्या विधिमंडळात एकमत झालं नाही आणि २०११ मध्ये कार्यक्रमाची मुदत संपली. पुढच्या वर्षी तो पुन्हा आणायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. पैसा तर गेलाच, ती ९० दिवसांची नोटीसही गेली. माझ्या मते दुसरं नुकसान जास्त.

आपल्याकडे उलटं झालं. १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्राने सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमाखाली आला आणि राज्यांनी वर्षभरात किनारी आराखडे करायचे ठरलं. १९९६ उजाडलं तरी आराखड्यांचं काम अडलेलंच होतं, शेवटी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावं लागलं. राज्यं आळशी होती असं म्हणून मोकळं होता येईल. पण आराखडा करून राज्याच्या हाती काय नवं पडणार होतं? नियम दुसऱ्याचा, नकाशा काढण्याची कटकट आपली. असं काम टेबलावर खालीखालीच सरकत जातं.

आता माझ्याच कसोटीला न बसणारं उदाहरण. वॅडन समुद्र. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून असलेला हा चिखल-वाळूचा प्रचंड उथळ पट्टा, ओहोटीला मैलोनमैल उघडा पडणारा. १९७८ पासून तिन्ही सरकारं बसू लागली, १९८२ मध्ये संयुक्त जाहीरनामा झाला, १९८७ मध्ये जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनला समाईक सचिवालय निघालं. इथे थोरला-धाकटा कोणी नाही, तेव्हा कोणी कोणाची फाईल अडवायचा प्रश्न नाही. मग हे टिकलं कशावर?

मला वाटतं, मोजणीवर. १९८८ मध्ये विषाणूच्या साथीने तिथले सील हजारोंनी मेले. नेमके किती उरले हे एका देशाला सांगता येईना, कारण सकाळी जर्मनीच्या वाळूवर पडलेला सील संध्याकाळी डेन्मार्कच्या हद्दीत असतो. वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर तो दोनदा मोजला जाईल किंवा एकदाही नाही. १९९० मध्ये तिघांनी सीलपुरता वेगळा करार केला. आजही ऑगस्टमध्ये, सीलांचे केस झडायच्या दिवसांत, तिन्ही देशांची छोटी विमानं शक्यतो एकाच सुमारास, ओहोटीची वेळ साधून निघतात. सील तेव्हा वाळूच्या दांड्यांवर आडवे पडलेले असतात. वरून फोटो घेतात, मग खाली बसून एकेक डोकं मोजतात, आणि अहवाल तिघांचा मिळून एकच निघतो.