साथीच्या दिवसांत हार्ट अटॅकचा वेळ जातो कुठे?

हार्ट अटॅकमध्ये गुठळीने रक्तवाहिनी बंद होते आणि तिच्यावर पोसणारा हृदयाचा स्नायू मरू लागतो. पहिल्या दोन-तीन तासांत हे नुकसान सगळ्यांत झपाट्याने होतं. कोविडसारखी साथ आली म्हणून ते मंदावत नाही. मंदावते ती आपली धावपळ, आणि नेमकी कुठे मंदावते तेच आज पाहू.

सगळ्यात जास्त वेळ घरातच जातो. २०२०च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एक छोटी पाहणी झाली. छातीत दुखायला लागल्यापासून वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचायला आधीच्या वर्षी साधारण ८२ मिनिटं लागत होती, ती ३१८ मिनिटांवर गेली. रुग्ण अवघे ७, त्यामुळे आकडा फार ताणू नये. पण मार्चअखेर इंग्लंडमध्ये हार्ट अटॅक आणि त्याच्या जवळपासच्या दुखण्यांसाठी रुग्णालयात दाखल होणारे रुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी घटले होते. इटलीच्या लोम्बार्डी भागात साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षाच्या याच काळापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. त्यातल्या काही थेट संसर्गामुळे होत्या, हे खरं. तरीही अटॅक कमी झाले म्हणून वॉर्ड रिकामे पडले, असं म्हणायला हे आकडे देत नाहीत.

आता रुग्णालयाच्या दारावर या. चौकशी सुरू होते ती ताप, खोकला, दम यांपासून. हृदय कमजोर होऊन फुफ्फुसांत पाणी भरलं तरी दमच लागतो, ऑक्सिजन खाली येतो, एक्स-रे पांढरा दिसतो. अशा रुग्णाची रवानगी तापाच्या कक्षात होते आणि ईसीजी राहून जातो. माझ्या मते दारावरची सगळ्यांत महाग चूक हीच. छातीत दुखणं, अचानक दम, दरदरून घाम यातलं काहीही असलं तर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे, मग ताप असो वा नसो. त्यासाठी तापाच्या कक्षात वेगळं मशीन लागतं. एकच मशीन दोन्हीकडे फिरवायचं म्हटलं की दर खेपेला वायरी आणि क्लिपा पुसण्यात वेळ जातो, आणि घाईत पुसायचं राहिलं तर संसर्ग पसरतो.

स्वॅबच्या रिपोर्टसाठी अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रक्तवाहिनी आतून फुग्याने उघडणं, अडवून धरू नये. आरटी-पीसीआरला तास लागतात. झटपट अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तरी संसर्ग नाहीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. रुग्ण पॉझिटिव्ह आहे असं धरून कामाला लागायचं.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, वेळ छोट्या-छोट्या गोष्टींत गळतो. शिशाचा एप्रन आणि गळ्याचं कॉलर आधी, पीपीईचा गाऊन त्यावर. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चष्म्यावर वाफ धरते, मास्कमधून आवाज पोचत नाही, म्हणून स्टेंटचं माप सांगितलं की समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं. आत मोजकी माणसं, बाहेर एक जण सामान द्यायला. वायर, बलून, नेहमीच्या मापांचे स्टेंट आधीच काढून ठेवायचे, कारण किट घालून कपाट उघडलं की त्यातलं सगळंच बाधित धरावं लागतं. श्वास ढासळतोय असं वाटलं तर श्वासाची नळी लॅबमध्ये नेण्याआधीच घालून घ्यावी. टेबलावर घाईघाईने घालताना तुषार सगळ्या खोलीत उडतात, आणि लॅबमधला हवेचा दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवलेला असल्याने ते दारातून बाहेरही ढकलले जातात.

पुढच्या रुग्णाला किती थांबावं लागेल, हे हवा किती वेळा बदलते यावर ठरतं. तासाला १५ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला १८ मिनिटं लागतात, ६ वेळाच बदलत असेल तर ४६. फरशी-टेबल पुसणं त्याशिवाय. हा आकडा प्रत्येक लॅबने साथ येण्याआधीच काढून भिंतीवर लावलेला बरा.

हा सगळा हिशेब करून निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टीची वायर गुठळीच्या पलीकडे जाणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं. टेनेक्टेप्लेज हे असंच एक इंजेक्शन; ते वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम एकदाच शिरेतून देतात, पंचाहत्तरीपुढे निम्मा डोस. त्याआधी विचारायचं: मेंदूत कधी रक्तस्राव झालाय का, सहा महिन्यांत पक्षाघात, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया? ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. त्यावरची उंचावलेली एसटी रेषा, म्हणजे अटॅकची खूण, निम्म्यानेही खाली आली नाही, तर अँजिओप्लास्टीला पर्याय नाही. इथे एक खोच आहे. संसर्गाने हृदयाच्या स्नायूला सूज आली तरी ईसीजी अटॅकसारखाच दिसू शकतो. तेव्हा इंजेक्शनचा उपयोग शून्य आणि रक्तस्रावाचा धोका मात्र पुरेपूर. शंका असेल तर खाटेशेजारीच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा. अटॅकमध्ये बहुधा भिंतीचा एकच भाग हलेनासा होतो, सुजेत अनेकदा सगळंच हृदय सुस्तावतं.

औषधांचं थोडक्यात. रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोविड बळावतो ही भीती चाचण्यांत टिकली नाही. त्या स्वतःहून बंद करू नयेत. स्टेंटनंतरच्या गोळ्यांचा तर एक दिवसही चुकवू नये. कोविडवर रिटोनाव्हिर असलेलं औषध सुरू करायचं असेल तर आधी हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवावी: कोलेस्टेरॉलचं सिम्वास्टॅटिन त्यासोबत चालत नाही; गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांपैकी टिकाग्रेलोरचा परिणाम वाढतो, क्लोपिडोग्रेलचा घटतो.

राहता राहिल्या पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया. महाधमनीची झडप अरुंद झालेला आणि चक्कर येऊन पडलेला रुग्ण 'नंतर बघू'च्या यादीत बसत नाही. बाकीच्यांना तारीख देता येत नसेल तर निदान आठवड्याला फोन हवा आणि त्यात ठरलेले प्रश्न: सकाळचं वजन किती, झोपताना उशा किती लागतात, पायावर सूज आहे का. तीन दिवसांत वजन २ किलोहून जास्त वाढलं असेल तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं, म्हणून त्याच दिवशी बोलावून घ्यावं.