पांघरूण उचलून बघा

नमस्कार श्रोतेहो.

परवा कोथरूडच्या एका ओळखीच्या काकूंनी मला गाठलं. "सिस्टर, सासूबाईंना ज्या वृद्धांच्या सेवा केंद्रात ठेवलंय, तिथे नीट बघतात की नाही, हे कळायचं कसं हो?" मी विचारलं, भेटायला जाताना काय नेता? म्हणाल्या, चिकू आणि थोडा शिरा. म्हटलं, टाचा बघता का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तीस वर्षं मी वॉर्डात काढली. केस विंचरून, पावडर लावून खुर्चीत बसवलं की कुणीही बरं दिसतं. बघायचं असतं ते माकडहाड, खुबे आणि टाचा. तिथे लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तो क्षणभर फिका पडला तर ठीक. दाबूनही तस्साच राहिला, तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. तेवढाच भाग गरम किंवा कडक लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पंधरा जणांमागे रात्रपाळीला एकच मावशी असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

आजार फार पुढे गेला असेल तर चांगली सेवा करूनही कधी कधी जखम होते, हेही सांगायला हवं. म्हणून जखम पहिल्यांदा कधी दिसली आणि आम्हाला कधी कळवलीत, हे विचारा. जीभ कोरडी, लघवी गडद, दोन महिन्यांत ब्लाऊज ढगळ झालेलं, यावर लक्ष असू द्या. मनगटावर वळ असतील तर बांधून ठेवलं होतं का, ते सरळ विचारा. सकाळी अकराला गाढ झोप लागलेली दिसली, तर कुठली गोळी दिली आणि कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिली, तेही.

आता माझंच सांगते. माझी आत्या अशाच एका केंद्रात होती. बंगल्यातलं, तुळशीवृंदावन वगैरे असलेलं. नाव घेत नाही. मी स्वतः सिस्टर, आणि पाच रविवार मी तिचं पांघरूण उचललं नाही. तिला घरी ठेवलं नाही ही बोच होती, आणि आपण काही बोललो तर मागे तिच्यावर राग काढतील ही भीती. सहाव्या रविवारी वास आला.

त्या दिवशी भांडले नाही. शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून जखमेचे फोटो काढले. आत्याला दवाखान्यात हलवलं. जखमेची लांबी, रुंदी, खोली केसपेपरवर लिहा, असं तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. मग केंद्राकडून कूस बदलल्याच्या तक्त्याची प्रत लेखी मागितली. महिनाभराच्या सह्या एका हाताच्या, एकाच पेनाच्या. त्यातले दोन दिवस तर आत्या मोतीबिंदूसाठी आमच्या घरी होती. त्या दिवशीही दर दोन तासांनी सह्या होत्या!

लोक म्हणतात, प्रांतसाहेबांकडे अर्ज करा. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे खरा, पण त्यातला निर्वाह भत्त्याचा अर्ज मुलं किंवा वारस नातेवाईक यांच्याविरुद्ध असतो. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या केंद्राविरुद्ध जायचं ते जिल्हा ग्राहक आयोगात, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, सेवेतली त्रुटी म्हणून. मुदत दोन वर्षांची. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे केंद्र साताऱ्याला आणि तुम्ही धायरीत असलात तरी पुण्यात दाखल करा. पावत्या जपा. रोखीने पैसे देऊन पावती न घेणारे फार आहेत आपल्यात. भरती करताना "संस्था जबाबदार राहणार नाही" यावर सही केली असेल, तरी तेवढ्याने निष्काळजीपणा माफ होत नाही.

आणि पोलीस. भारतीय न्याय संहितेचं कलम 357 फारसं कुणाला ठाऊक नाही. आजाराने किंवा अशक्तपणाने असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती मुद्दाम टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने जीव गेला असेल तर कलम 106 आहे. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रियांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, म्हणजे तुमच्या आईच्या नावाने मागता येईल. आधी नुसता सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, 14567. जिवाला धोका दिसला तर मात्र सरळ 112.

आमच्या तक्रारीच्या तारखा पडताहेत. आत्या आता माझ्याकडे आहे. जखम भरत आली. पहाटे चारच्या गजराला उठून मी तिची कूस बदलते, तेव्हा ती दर वेळी ओरडते, "अगं, झोपू दे की मेले!" आणि मी तक्त्यावर सही करते, रोज वेगळ्या पेनाने.

नमस्कार.